जोडपं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला येतं: सात मिनिटांच्या टूडी भागासाठी मदत हवी

सातवी_गल्ली (प्रश्न)

मराठी टूडी विनोदी मालिकेचा पहिला भाग करायचाय, यूट्यूबसाठी, ७ मिनिटांचा. स्नेहल कोल्हापूरची, निखिल पुण्याचा. दोघं कोल्हापूरच्या राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने पहिल्यांदाच एकत्र राहायला येतात. सामान चढवण्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंतचा एक दिवस, एवढीच गोष्ट. संवाद लिहून झालेत, १४ पानं भरलीत. अ‍ॅनिमेशनला माणसं दोनच, कट-आउट रिग (सुट्या अवयवांचे तुकडे सांध्यांना जोडून हलवायचं पात्र), ओपनटून्झ या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर.

१४ पानं ७ मिनिटांत बसतील का? सोफा आणि गॅस सिलिंडर जिन्याने वर नेतानाचा गोंधळ कसा दाखवायचा? मराठी संवादांना लिपसिंकचं, म्हणजे आवाजाबरहुकूम तोंड हलवण्याचं, काय करता? आणि स्नेहल पक्की कोल्हापुरी बोलू दे की सगळीकडे समजेल असं साधं मराठी?

चोवीस_फ्रेम

पानं मोजू नका. पानाला मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीचा. देवनागरीत फॉन्ट नि ओळींमधलं अंतर बदललं की तो कोलमडतो. दोघांनी मोठ्याने वाचा, हशाच्या जागा सोडा आणि फोनवर घड्याळ लावा. येईल तो आकडा खरा.

७ मिनिटं म्हणजे ४२० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने १०,०८० फ्रेम. दोन फ्रेमला एक चित्र धरलं तरी ५,०४०. कट-आउटमध्ये एवढं काढावं लागत नाही, पण दोघांनी मिळून रोज १५ सेकंद उरकले तरी नुसत्या अ‍ॅनिमेशनला २८ दिवस. तेही बसून बोलण्याच्या शॉटचं सांगतोय. सामान उचलायचा शॉट आला की दिवसाला दोन-तीन सेकंदांवर याल.

म्हणून जिना काढूच नका. दोन रिग आणि मध्ये सोफा म्हणजे चार हात एका तिसऱ्या वस्तूला चिकटवून ठेवायचे. प्रत्येक पायरीला एखादा हात सोफ्यावरून घसरलेला दिसणार आणि तो फ्रेमागणिक दुरुस्त करत बसणार. त्याऐवजी कॅमेरा रिकाम्या हॉलमध्ये ठेवा, दाराकडे तोंड करून, अजिबात न हलवता. जिन्यातून फक्त आवाज: ‘तिरका कर.’ ‘कुठल्या बाजूला तिरका?’ सोफ्याचं एक टोक दारात येतं, अडतं, मागे जातं, उलटं होऊन पुन्हा येतं. सोफा एका लेयरवर, चौकट त्याच्यावर दुसऱ्या लेयरवर. १२ सेकंदांचा शॉट नुसत्या सरकवण्यात होतो. शिवाय माणसं दिसत नसल्यामुळे भांडण जास्त हसवतं.

सिलिंडर मात्र दाखवा, पण घरातला. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, रिकाम्या टाकीचं वजन साधारण तेवढंच, म्हणजे ३० किलोच्या घरात. जिन्यात तो खांद्यावरून येतो. दारापासून ओट्यापर्यंत कुणी उचलत नाही, तिरका करून खालच्या कडेवर फिरवत नेतात. इथे हमखास चूक होते. टाकी एकरंगी लाल काढली की ती फिरतेय हे कळतच नाही, नुसती घसरतेय असं वाटतं. वरच्या कड्याची आणि अंगावरच्या अक्षरांची चार चित्रं करून ती एकामागून एक फिरून फिरून लावा. निखिल उचलायला जातो, स्नेहल एका हाताने फिरवत नेते. दोघांची ओळख झाली, एक वाक्य न बोलता.

वाकळ_आणि_माईक

बोली आधी ठरवा, लिपसिंक नंतर. क्रम उलटला तर दुप्पट काम.

कोल्हापुरी मुलगी ‘मी येतो’, ‘मी निघालो’ म्हणते, ‘येते’, ‘निघाले’ नाही. पुण्याचा निखिल पहिल्या दिवशी तिथेच अडखळणार, आणि हा विनोद फक्त मराठीतच होतो. तो ठेवाच. पण ‘येते’ला शेवटी ओठ ताणलेले, ‘येतो’ला गोल. रेकॉर्डिंग झाल्यावर मत बदललंत तर तिच्या अशा प्रत्येक वाक्याचं शेवटचं तोंड पुन्हा बसवावं लागेल. आणि ती निखिलच्या आईशी फोनवर बोलताना मुद्दाम ‘येते’ म्हणत असेल तर संहितेत तिथे खूण करा, नाहीतर कलाकार सवयीने एकसारखंच म्हणून मोकळा होईल.

लिपसिंकला रूबार्ब (Rhubarb) नावाचं फुकट साधन आहे. त्याची मूळ ओळख-पद्धत इंग्रजीसाठी आहे, मराठीला ‘फोनेटिक’ निवडा. तोंडाचे सहा मूळ आकार, त्यावर तीन जादा: दात ओठावर, जीभ वर आणि मिटलेलं विश्रांतीचं. मराठीत खरी कसोटी प, ब, भ, म यांची. ओठ मिटलेले किमान दोन फ्रेम दिसलेच पाहिजेत, नाहीतर ‘मामा’चा ‘आआ’ होतो. ट, ठ, ड, ळ यांच्या मागे लागू नका, जीभ आत वळते ती बाहेरून दिसत नाही. तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी उघडलं की नैसर्गिक वाटतं, उशिरा उघडलं की लगेच खटकतं. साधन जे काढून देईल त्यातली निम्मी तोंडं उडवावी लागतात. भरभर बोलताना प्रत्येक अक्षराला तोंड बदललं तर ते चावल्यासारखं दिसतं.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. दोघांचे ट्रॅक वेगळे, भांडणात एकमेकांवर बोलायचं असलं तरी. नाहीतर एकाचं वाक्य कापताना दुसऱ्याचं शेपूट राहतं. बोलणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाड वाकळा टांगा. फरशीच्या खोलीत आवाज घुमतो आणि तो नंतर निघत नाही. सगळे गप्प असताना खोलीचा आवाज ३० सेकंद घेऊन ठेवा, संवादांमधली भोकं बुजवायला लागतो.

गळपट्टी

हॅना-बार्बेरा या अमेरिकन कार्टून स्टुडिओच्या योगी अस्वलाला कॉलर आणि टाय का होता? शिवण लपवायला. धड तसंच ठेवून फक्त डोकं हलवायचं, सांधा कॉलरखाली. त्यांचीच १९६०ची कार्टून मालिका ‘फ्लिंटस्टोन्स’ही अशाच काटकसरीवर उभी होती. निखिलला कॉलरचा शर्ट, स्नेहलच्या गळ्यात ओढणी. प्रश्न मिटला.

सातवी_गल्ली

वाचून बघितलं, १० मिनिटं ४० सेकंद आले. घरमालकाचा प्रसंग एकटाच दोन मिनिटांचा आहे: ‘लग्न झालंय का’ इथपासून स्टँपपेपरवर सही करून किल्ली देईपर्यंत. तो कापला तर ताण जातो असं वाटतं.

चोवीस_फ्रेम

कापा. तिसरा रिग, तिसरा आवाज, वर त्याच्या घराची पार्श्वभूमी, हे सगळं दोन मिनिटांसाठी. घरमालक दारावरच्या टकटकीपुरता ठेवा. दोघं गप्प होतात, खोकं हातात तसंच, १२ फ्रेम काहीच हलत नाही. ताण तिथे येतो.

कलम_पंचावन्न

तसाही तो प्रसंग चुकलाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, ११ महिन्यांचा असला तरी. ती जबाबदारी घरमालकाची. नुसत्या स्टँपपेपरवर भागत नाही. हवं तर एकच ओळ ठेवा, निखिल खोकी उपसत विचारतोय: ‘नोंदणीची प्रत कुठल्या खोक्यात टाकलीस?’ म्हणजे ते खोकं शोधणं हीच पुढची गोष्ट होते.

गळपट्टी

खोक्यांवरून आठवलं. पार्श्वभूमी एकच हॉल, पण प्रत्येक खोकं वेगळ्या लेयरवर. सकाळी १४, दुपारी ९, रात्री ३, असा तक्ता प्रसंगाच्या क्रमांकासमोर लिहून भिंतीला लावा. नाहीतर उघडलेलं खोकं पुढच्या शॉटमध्ये बंद होतं आणि खाली पहिली कॉमेंट तीच येते. भाग १९२० बाय १०८० मध्ये काढणार असाल तर पार्श्वभूमी दुप्पट काढा, ३८४० बाय २१६०, म्हणजे कॅमेरा जवळ नेला तरी फाटत नाही. दार कायम डावीकडे, ओटा उजवीकडे. कॅमेरा पलटला की दोघांनी जागा बदलल्यासारखं वाटतं. आणि कृपा करून तांबडा-पांढरा रस्सा नको. कोल्हापूर दाखवायला खोक्यातून निघालेली कांदा-लसूण चटणीची बरणी पुरे, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद आणि बाहेरून तेलाचा ओघळ.

वाकळ_आणि_माईक

स्नेहलला नवी कापशी चप्पल (कोल्हापुरीचाच एक प्रकार) द्या. तिची करकर फरशीवर रेकॉर्ड करा, माईक जमिनीपासून वीतभर. ती दिसत नसतानाही कुठल्या खोलीत आहे ते कळतं, म्हणजे तेवढे शॉट वाचले. फक्त संवादाच्या खाली ती बरीच दाबा. सगळं मिळून −१४ लफ्सच्या (LUFS, आवाज किती मोठा ते मोजायचं एकक) आसपास ठेवा, त्याहून मोठा आवाज यूट्यूब स्वतःच खाली ओढतं. शेवटचं मिक्स फोनच्या स्पीकरवर ऐका. हेडफोनवर छान वाटणारी करकर तिथे ‘येतो’मधला ‘तो’ खाते.