मदत हवी आहे: इंडिकेटरची दांडीच नसलेली गाडी. हाताला सवय कशी लावू?

नमस्कार मंडळी.

मी डिचोलीचा, बावीस वर्षं ड्रायव्हिंगवर पोट आहे. आधी खाणीवरचा ट्रक, खाणी बंद पडल्या तशी टॅक्सी, आणि आता पर्वरीला एका शेठकडे. गेल्या महिन्यात शेठनी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. नाव लिहीत नाही, त्यांनी बजावलंय. परदेशी, दोन सीटची, इंजिन पाठीमागे. बसायला इतकी खाली की शेजारून पोदेर (पाववाला) सायकलवर गेला तर मला त्याचं पेडल दिसतं, तोंड नाही.

वेगाची मला भीती नाही, पर्वरी ते पणजी वेग घ्यायला जागा आहे कुठे? अडचण वेगळीच आहे. स्टिअरिंगमागे एकही दांडी नाही. इंडिकेटर, वायपर, डिपर, सगळं स्टिअरिंगवर बटणांत. डाव्या आऱ्यावर डावा इंडिकेटर, उजव्या आऱ्यावर उजवा, त्याच्या खाली वायपर. मागे फक्त गियरची दोन पॅडल, म्हणजे बोटांनी ओढायच्या पट्ट्या.

आता माझा हात कसा चालतो ते सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजवीकडे. वळण आलं की उजव्या हाताची बोटं न सांगता स्टिअरिंगमागे जातात. इथे तिथे काय सापडतं? उजवं पॅडल. म्हणजे मी इंडिकेटर द्यायला जातो आणि गाडी वरचा गियर टाकते. एकदा मांडवी पुलाच्या चढावर गडबडीत दोन्ही पॅडल एकदम ओढली गेली, गाडी न्यूट्रल. इंजिन बोंबलतंय, गाडी मंदावतेय, मागे कदंबची बस.

पण खरी फजिती दिवजा सर्कलला झाली. पुलावरून उतरून सर्कलमध्ये शिरलो, स्टिअरिंग उजवीकडे वळवलेलं. बाहेर पडताना डावा इंडिकेटर द्यायचा म्हणून अंगठा नेहमीच्या जागी नेला, तर तिथे नुसतं चामडं. बटण स्टिअरिंगबरोबर फिरून वर गेलेलं! चाचपत काहीतरी दाबलं, तो हॉर्न. पुढे एक पोदेर चालला होता, त्याला वाटलं मी पाव मागतोय. त्यानेही पों पों करून सायकल बाजूला घेतली. घाईत दुसरं बटण दाबलं तर कोरड्या काचेवर वायपर खर्र खर्र.

पुढच्या रविवारी शेठच्या पुतण्याचं लग्न आहे मंगेशीला. नवरदेव ह्याच गाडीतून, चालवणार मी. आठ दिवस हातात आहेत. ह्या बटणांची सवय लवकर कशी होईल? बाहेरून दांडी बसवून मिळते का? कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद: दांडी विसरा

बाहेरून दांडी बसवायच्या भानगडीत पडू नका. त्या बटणांच्या तारा एअरबॅगच्या शेजारून जातात. गॅरेजवाला हो म्हणेल, पण तुम्ही नाही म्हणा.

प्रतिसाद: स्टिअरिंग कसं धरता?

एकच विचारतो. वळवताना हात सरकवता का? ट्रकवाल्यांची सवय असते, एक हात सोडायचा, दुसरा वर न्यायचा. तिथेच घोटाळा आहे.

धागाकर्ता

होय, सरकवतो. पॉवर स्टिअरिंग नसलेला ट्रक वळवून बघा, मग कळेल का ते.

प्रतिसाद: मग उत्तर तुमच्या हातातच आहे

शब्दशः. ह्या गाड्यांची मांडणी एका गृहीतावर बसवलेली असते: हात पावणेतीनच्या जागी, म्हणजे घड्याळात नऊ आणि तीनवर, आणि तिथून ते सुटतच नाहीत. स्टिअरिंगही तसंच जलद, थोड्या फिरवण्यात चाकं बरीच वळतात, त्यामुळे सर्कलपुरतं हात सोडावे लागत नाहीत. हात बटणाबरोबर फिरला की बटण अंगठ्याखालीच राहतं. तुम्ही हात सरकवलात, बटण वर राहिलं आणि अंगठा खाली आला.

हे आलं शर्यतीतून. १९८९ साली फेरारीने फॉर्म्युला वनच्या ६४० गाडीत गियरची पॅडल स्टिअरिंगमागे आणली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलला पहिलीच शर्यत जिंकली. १९९७ मध्ये तीच कल्पना रस्त्यावरच्या ३५५ मध्ये आली. २००९ च्या ४५८ इटालियात इंडिकेटर आणि वायपरही स्टिअरिंगवर चढले, दांड्या गेल्या. लॅम्बोर्गिनीच्या हुराकानमध्येही (२०१४) इंडिकेटर डाव्या अंगठ्याखाली, मात्र तिथे दोन बटणं नाहीत, एकच कळ डावी-उजवी सरकवायची आणि बंद करायला मधोमध दाबायची. उलट मॅक्लारेन बघा. ७२०एस ची दांडी शाबूत आणि स्टिअरिंग कोरं, एक बटण नाही. त्यांचं म्हणणं, चाक हे वळवायलाच असावं. मला स्वतःला हेच पटतं.

आणखी एक गंमत. फेरारीत पॅडल स्टिअरिंगच्या कॉलमला घट्ट बसवलेली असतात, चाक फिरलं तरी ती जागची हलत नाहीत. म्हणजे एकाच जागी दोन नियम: पुढची बटणं फिरणार, मागची पॅडल नाही. तुमच्या गाडीत कसं आहे ते उभ्या गाडीत चाक वळवून बघून घ्या.

पुढे तर बटणंही गेली. फेरारीच्याच २०१९ च्या एसएफ९० मध्ये स्टिअरिंगवर स्पर्शाचे पट्टे आले. लोकांनी इतकी कुरकुर केली की २०२५ च्या अमाल्फीत दाबायची बटणं परत आली. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर यांना खरीखुरी बटणं किंवा दांड्या असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलंय.

प्रतिसाद

अहो, त्यांचं लग्न रविवारी आहे आणि तुम्ही १९८९ पासून सुरुवात केलीत.

प्रतिसाद: टिकली लावा

मी मडगावला असते. आधी बारा वर्षं उजवीकडे इंडिकेटर असलेली गाडी होती, मग जर्मन घेतली, तिला डावीकडे. दोन महिने प्रत्येक वळणाला वायपर चालू. बाजारात लोक आभाळाकडे बघायचे. तेव्हा तुमची फजिती वाचून हसले नाही (थोडी हसले).

मी काय केलं ते सांगते. रात्री गाडी अंगणात उभी, इग्निशन चालू, इंजिन बंद. डोळे मिटून बसायचं आणि मुलीने ओरडायचं: डावा! उजवा! वायपर! डिपर! चुकलं की ती एक रेघ ओढायची. रोज पंधरा मिनिटं. पाचव्या दिवशी रेघा बोटावर मोजण्याइतक्या राहिल्या.

तुमच्या बाबतीत आणखी एक. दोन्ही इंडिकेटरच्या बटणांवर मखमली टिकली चिकटवा. अंगठ्याला न बघता कळतं. निघते पण लगेच, शेठच्या गाडीला डाग नाही. हॉर्नला आणि वायपरला लावू नका, नाहीतर सगळीकडे टिकल्याच.

प्रतिसाद

सर्कलमध्ये शिरायच्या आधी, चाक सरळ असताना एकदा अंगठ्याने बटण चाचपून ठेवा. आणि उजव्या हाताची बोटं स्टिअरिंगच्या कड्याला घट्ट धरून ठेवायला शिकवा. मोकळी बोटंच पॅडल शोधत जातात.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. मुलाला कामाला लावलंय. पहिल्या रात्री एकोणीस रेघा. आज सात. सातपैकी पाच वेळा मी पॅडलच ओढलंय.

अजून एक शंका. मंगेशीकडे जाताना गतिरोधक आहेत. गाडीचं नाक वर उचलायचं बटण ह्या गाडीत मधल्या पट्टीवर, हॅझर्डच्या शेजारी आहे. काल उचलायला गेलो आणि हॅझर्ड लागले. मागचा स्कूटरवाला थांबून विचारतो, पात्रांव, गाडी बंद पडली का?

प्रतिसाद: नाकाचं

नाक गतिरोधक दिसल्यावर नाही, त्याच्या बरंच आधी उचला, कारण वर यायला काही सेकंद लागतात. वेग कमी असतानाच ते चालतं. उचलून उचलून साधारण ४० मिमी उचलतं, म्हणजे दोन बोटं. तेवढ्याने सगळे गतिरोधक पार होतील असं नाही, तेव्हा उंच गतिरोधक जमेल तितका तिरपा घ्या. हॅझर्डवर बोट जातं म्हणता, तर उद्या सकाळी एकदा रिकामी गाडी घेऊन तो रस्ता करून या. कुठे उचलायचं ते झाडाच्या, दुकानाच्या खुणेने लक्षात ठेवा. शोधाशोध तिथे नको.

धागाकर्ता: पोचलो

रविवार पार पडला. बाणस्तारीचा पूल, मंगेशी, सगळं नीट. दिवजा सर्कलला हात एकदाही सोडला नाही. खांदे दुखले, पण बाहेर पडताना डावा इंडिकेटर अंगठ्याखाली हजर. नाक तीनदा उचललं, हॅझर्ड एकदाच लागले, तेही हॉलच्या दारात. लोकांना वाटलं मुद्दाम लावले.

पॅडल मात्र एकदा ओढलंच. जुन्या गोव्याच्या अलीकडे. नवरदेव फोनवर होता, त्याला कळलं नाही.

गाडीतून उतरताना शेठच्या वहिनी ओवाळायला आल्या. वाकून आत बघतात तर स्टिअरिंगवर दोन मरून टिकल्या. म्हणाल्या, "नवऱ्याआधी गाडीलाच कुंकू लावलंस का रे?" उजवी तोपर्यंत निघत आली होती. त्यांनी पर्समधलं पाकीट काढून मला दुसरी दिली. हिरवी आहे. तीच लावलीय सध्या.