सोनभद्रचे सोने: शोधमोहिमेचे आकडे कधी जाहीर करावेत?

धागालेखक:
फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात सुमारे ३,३५० टन सोने सापडल्याच्या बातम्या देशभर झळकल्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला तातडीने खुलासा करावा लागला. तेथे ५२,८०६.२५ टन धातुकाचा, म्हणजे सोने असलेल्या खडकाचा, अंदाज असून त्यात सोन्याचे सरासरी प्रमाण टनामागे ३.०३ ग्रॅम आहे, म्हणजे एकूण सोने सुमारे १६० किलो भरते, असे त्यांनी स्पष्ट केले. ३,३५० टन सोन्यासाठी याच प्रतीचा सुमारे ११० कोटी टन खडक लागला असता. हा साधा गुणाकार कोणी करून पाहिला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझे मत असे की प्राथमिक टप्प्यातील एकूण साठ्याचा आकडा जाहीर करूच नये. गारेच्या (क्वार्ट्झ दगडाच्या) शिरांमध्ये सोने सारखे पसरलेले नसते. एखादा ठळक कण नमुन्यात आला की प्रमाण एकदम फुगते आणि शेजारच्या बोअरमध्ये काहीच हाती लागत नाही. म्हणूनच बोअरमधून निघालेला दगडाचा दांडा उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवतात आणि उरलेला अर्धा फेरतपासणीसाठी पेटीत जपून ठेवतात. बोअर पुरेशा जवळजवळ घेतल्याशिवाय दोन बोअरमधली शीर सलग आहे, असे धरून चालता येत नाही.

प्रतिसाद १:
पूर्णपणे असहमत. सोनभद्रचे हे अन्वेषण, म्हणजे खनिजाचा शोध, १९९८ ते २००० या काळात झाले होते. ती माहिती सर्वांना सहज पाहता येईल अशी असती, तर वीस वर्षांनी अफवेला जागाच उरली नसती. माहिती दडवल्याने गैरसमज थांबत नाहीत, उलट बळावतात. प्रत्येक बोअरची खोली, शिरेची जाडी आणि सोन्याचे प्रमाण यांचा तक्ता खुला असावा, आणि ज्या बोअरमध्ये काही मिळाले नाही त्यांची नोंदही त्यात असावी. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार याच दिशेचे पाऊल आहे.

प्रतिसाद २:
आपण दोघेही १६० किलो हा शेवटचा शब्द मानत आहात. कर्नाटकातील कोलारच्या सुवर्णक्षेत्रात १८८० च्या दशकात म्हैसूर या खाण कंपनीचे भांडवल संपत आले असताना ‘चॅम्पियन’ नावाची सोन्याची शीर सापडली, आणि पुढे त्या क्षेत्रातून ८०० टनांहून अधिक सोने निघाले. तेथे खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. उथळ बोअर घेऊन सोनभद्रच्या खडकांचा पट्टा निकाली काढणे मला घाईचे वाटते. खाण कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने अन्वेषण परवान्याच्या खनिजांत सोन्याचाही समावेश केला आहे, तेव्हा ही जोखीम खासगी कंपन्यांनी उचलावी.

प्रतिसाद ३:
कोलारचा दाखला येथे लागू पडत नाही. तो पट्टा सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा, तर सोनभद्रचा महाकोशल पट्टा त्याहून बराच अलीकडचा आहे. खडक आणि घडण वेगळी असताना खोलीवर तेवढेच सोने मिळेल, ही अपेक्षा निराधार ठरते. शिवाय कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, तेव्हा धातुकाची प्रत घसरलेली होती आणि खोलीचा खर्च परवडेनासा झाला होता. सोने वेगळे काढण्याच्या सायनाइड प्रक्रियेनंतर उरलेल्या भुकटीचे ढिगारे मात्र आजही तेथेच आहेत आणि वारा सुटला की धूळ वस्तीत येते. खासगी जोखीम म्हणताना हा भार कोण उचलणार, हे परवान्यातच लिहिलेले असावे.

विदर्भातही हे लक्षात ठेवावे लागेल. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टखाली असला, तरी नागपूर-भंडाऱ्याकडील साकोली पट्ट्याच्या प्राचीन खडकांत सोन्याच्या खुणा नोंदल्या गेल्या आहेत.

धागालेखक:
प्रतिसाद १ मधील तक्त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती एका बेरजेला, जी तक्त्यातून उचलून मथळ्यात घातली जाते. प्रत्येक आकड्यासोबत धातुकाचे टन, सोन्याचे प्रमाण आणि अन्वेषणाचा टप्पा या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात देणे सक्तीचे करावे. प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांना एकच विचारतो: सोनभद्रमध्ये आणखी खोल बोअर घ्यायचे, तर शिरेच्या कोणत्या टोकाला घ्यायचे आणि कोणत्या पुराव्यावरून?