मदत हवी आहे: 'काप्वा' आणि 'लोओब' मराठीत कसे मांडावेत?

प्रश्न
दुबईतल्या आमच्या मराठी अभ्यासमंडळासाठी फिलिपिनो तत्त्वचिंतनावर टिपण करतो आहे. फिलिपिनो मानसशास्त्रज्ञ व्हर्जिलिओ एन्रिकेझ यांच्या मांडणीचा गाभा 'काप्वा'. इंग्रजी पुस्तकांत त्याचा अर्थ 'इतर' दिलेला असतो, पण 'इतर' म्हटलं की 'मी' त्यातून बाहेर पडतो. 'लोओब' म्हणजे 'मन' का? आणि 'उतांग ना लोओब'ला 'उपकाराचं कर्ज' म्हणावं का? फिलिपिनो सहकाऱ्यांना प्रश्नावली देऊन अर्थ पडताळायचा विचार आहे.

प्रतिसाद १
'इतर' नकोच. मराठीसारखाच 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद तागालोगमध्ये, म्हणजे हे शब्द ज्या फिलिपिनो भाषेतले आहेत तिच्यात, आहे: 'कामी' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, 'तायो' म्हणजे त्याला धरून. काप्वा समजावताना 'आपण'पासून सुरुवात करा. पण तिथे थांबू नका, कारण परका माणूस, 'इबांग ताओ', हाही काप्वातच मोडतो. एन्रिकेझ यांनी संबंधांच्या आठ पायऱ्या दिल्या आहेत. परक्याशी पाच, पाकिकितुंगो (शिष्टाचारापुरतं वागणं) ते पाकिकिसामा (जुळवून घेणं). आपल्या माणसाशी तीन, शेवटची पाकिकिइसा, म्हणजे एकरूप होणं. पाकिकिसामालाच फिलिपिनोंचं मुख्य मूल्य ठरवलेलं जागोजागी वाचायला मिळेल. ते पटत नाही, कारण या उतरंडीत ती पाचवी पायरी आहे, अजून परक्याच्याच बाजूची.

प्रतिसाद २
'लोओब'चा शब्दशः अर्थ 'आत'. घराच्या आतल्या भागालाही हाच शब्द. 'सामा नांग लोओब' म्हणजे मनातली अढी, तिथे 'मन' चालतं. 'लाकास नांग लोओब' म्हणजे धैर्य, 'कुसांग-लोओब' म्हणजे आपखुशीने, तिथे 'मन' तोकडं पडतं. म्हणून मूळ शब्द ठेवा आणि दहा-बारा वाक्प्रचारांचा तक्ता करा: एका रकान्यात शब्दशः अर्थ, दुसऱ्यात वापर. फिलिपिनो तत्त्वज्ञ लिओनार्डो मर्कादो यांनी 1974 च्या पुस्तकात लोकांच्या बोलीतूनच विचार शोधला. तागालोगमधल्या 'लोओब'शेजारी त्यांनी फिलिपिन्समधल्याच सेबुआनो भाषेतला 'बुओत' आणि इलोकानो भाषेतला 'नाकेम' ठेवला.

'कर्ज' म्हटलं की फेडून मोकळं व्हायचं असतं. उतांग ना लोओबमध्ये नातं चालू राहतं. आपण 'त्याची जाणीव ठेव' म्हणतो, ते जवळचं. 'वालांग उतांग ना लोओब' ही तर 'कृतघ्न' अशी जहरी शिवी आहे.

प्रतिसाद १
प्रश्नावली देऊ नका. ओळख शिष्टाचाराच्या पायरीवर असताना उत्तरंही शिष्टाचाराचीच येतात. 'पागतातानोंग-तानोंग' करा, म्हणजे गप्पांच्या ओघात विचारणं. आधी जेवणा-चहाला सोबत बसणं, मग साधे प्रश्न; त्यांनी उलट विचारलं तर मोकळेपणाने सांगायचं. उपकार, रुसवा, पैसा हे विषय 'पाकिकिपागपालागायांग-लोओब'नंतरच, म्हणजे एकमेकांशी मनमोकळं बोलता येऊ लागल्यावर. तोच प्रश्न काही दिवसांनी वेगळ्या शब्दांत, वेगळ्या माणसालाही विचारा. उत्तर बदललं तर दोन्ही टिपून ठेवा.

प्रतिसाद २
संस्कृतातून तागालोगमध्ये गेलेले शब्द फसवतात. 'बुधी' म्हणजे सदसद्विवेक, आपली 'बुद्धी' नव्हे. 'दुखा' म्हणजे दरिद्री. 'आसा' मात्र आशाच.