मदत हवी आहे : जिनिव्हात इंटर्नशिप केलेलं सांगली-साताऱ्यात कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. संयुक्त राष्ट्रांच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करणाऱ्या सांगलीतल्या मुलामुलींकडून बैठकीचा सारांश लिहिण्याचा सराव करून घेतो आहोत. तिथल्या बऱ्याच इंटर्नना हे काम करावं लागतं.

संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या (स्वित्झर्लंड) बैठका साधारण सकाळी १० आणि दुपारी ३ ला. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दीड आणि साडेसहा, हिवाळ्यात तासभर उशिरा. यूएन वेब टीव्हीवर प्रक्षेपण दिसतं.

अडचण अशी : मुलं शब्दन्‌शब्द उतरवतात. भाषणाचं इंग्रजी करून ऐकवणारा दुभाषा वक्त्याच्या थोडा मागे चालतो, त्यामुळे आकडे हुकतात आणि तेवढ्यात पुढचा देश बोलायला लागतो. देश, भूमिका, मागणी असे तीन रकाने आखून दिले, तर कोण कुणाला उत्तर देतंय हेच निसटतं.

असे सारांश प्रत्यक्ष लिहिलेल्यांनी सांगावं : मसुदा त्याच संध्याकाळी मागतात का? किती पानं चालतात? फ्रेंच भाषण मूळ आवाजात ऐकायचं की दुभाषाच्या इंग्रजी वाहिनीवर?

दोन-तीन नमुने तपासून दिलेत तर फार उपकार होतील. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते, प्रवास-विम्याचा खर्चही स्वतःचाच. एवढा खर्च करून जाणारी मुलं तयारीनं जायला हवीत.