मदत हवी आहे: क्रॉलरच्या पुढच्या ॲक्सल शाफ्टला नेमकं कुठे घासू?

१/१० रॉक क्रॉलर (खडकांवर चढणारी रिमोटची छोटी गाडी), पुढचा डिफ (डिफरेंशियल) लॉक केलेला, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, बॅटरी २एस (दोन सेलची). स्टिअरिंग पूर्ण वळवलं की युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टचा वाकणारा सांधा) अडकतो आणि चाक टकटक उड्या मारतं. नकलचे (चाकासोबत वळणाऱ्या भागाचे) स्टॉप घासून कोन वाढवलाय, तिथे आता काही अडत नाही. बेअरिंग, पिन ठीक. जॉइंट हातात धरून वाकवला तर योकची (जॉइंटच्या दोन फाट्यांच्या भागाची) कड शाफ्टच्या खांद्याला (जिथे तो जाड होतो) टेकते, तिथे चकचकीत खूणही पडलीय. रेडिओवर (रिमोटवर) एंडपॉइंट, म्हणजे स्टिअरिंग वळण्याची मर्यादा, कमी केला की अडकत नाही, पण मग वळण मोठं होतं, म्हणजे सगळा खटाटोप फुकट. शाफ्ट हार्डन केलेल्या स्टीलचे आहेत. लेथ नाही, रोटरी टूल आणि कानस आहे. नवा सेट तूर्तास नको.

कड घासू की खांदा? पिनच्या भोकाभोवती किमान किती धातू ठेवायचा, आणि तापून स्टील मऊ पडू नये म्हणून तुम्ही काय करता?