मदत हवी आहे: किल्ल्याच्या फेऱ्या किती आणि क्यूआर कोड कुणाचा?

पाटणकर_बाजारवाली
पटकन सांगा कुणीतरी, डोकं भणभणलंय. दादासाठी एव्हरेस्ट करायचंय, म्हणजे तेवढी उंची किल्ला चढून-उतरून पुरी करायची. फेऱ्या किती होतील? नेटवर जिथे बघावं तिथे किल्ल्याची उंची वेगळी. शिवाय लोक आत्तापासूनच देणगीचे पैसे कुठे पाठवू म्हणून विचारताहेत. माझा क्यूआर ग्रुपवर टाकून दिला तर चालतं ना? 22 तारखेला करायचंय. 'कशाला करतेस' हे प्लीज नको, ते घरी ऐकून झालंय.

रविवारचा_गडकरी
आमचा ग्रुप दर आठवड्याला जातो. आतकरवाडीतून सुमारे 600 मीटर चढ धरा, पंधरा फेऱ्यांत एव्हरेस्ट. पहाटे साडेतीनला सुरू करा, नंतर गर्दी फार होते.

पाटणकर_बाजारवाली
सिंहगड नाही हो! ग्वाल्हेरचा किल्ला.

रविवारचा_गडकरी
तसं लिहायचं ना मग. तरी सिंहगडच करा असं सुचवेन. गाडीच्या प्रवासाचाच तर प्रश्न आहे.

जिवाजीगंजचे_काका
बेटा, किल्ला गेटकडून चढणार की उरवाई गेटकडून? तुझं वय काय, दादा कधी गेले, वर्षश्राद्ध झालं का? ते आधी नीट होऊ दे. आमच्या ओळखीचे गुरुजी आहेत, गयेलाही नेतात.

पाटणकर_बाजारवाली
काका, श्राद्ध झालं. वय 34, रोज चालते, गुडघे ठीक आहेत. गुजरी महालाच्या बाजूने, पायवाटेने, वरच्या हाथी पोल दरवाज्यापर्यंत. उरवाईच्या रस्त्यावर गाड्या असतात. फेऱ्या किती तेवढं सांगा ना कुणीतरी.

समोच्च_रेषा
एव्हरेस्ट 8,848 मीटर. किल्ल्याचं पठार आजूबाजूच्या सपाटीपासून साधारण 100 मीटर वर आहे. म्हणजे 89 फेऱ्या.

घामाची_धार
चूक. गुजरी महालच मुळात सपाटीपेक्षा वर आहे, आणि हाथी पोल म्हणजे पठाराचा माथा नव्हे. निव्वळ चढ 90 च्या आतच भरेल. 90 धरला तरी 99 होतात. आणि मोबाइलच्या जीपीएसवर उंची मोजू नकोस, उभ्या जागी आकडा वीस-वीस मीटर नाचतो. बॅरोमीटरवालं घड्याळ लागेल.

समोच्च_रेषा
बॅरोमीटर हवेचा दाब बदलला की तोही नाचतो. सकाळचा आकडा दुपारी वेगळा येतो. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मोजा.

घामाची_धार
दगडी उतारावर उभ्या बाईने समोच्च रेषा मोजायच्या का आता? खालून वर जायला वीस मिनिटं लागतात हो, तेवढ्यात कुठला दाब बदलतोय!

इतिहास_वाचक
त्याच वाटेवर चतुर्भुज मंदिर लागेल, जरूर थांबा. 876 सालचा शिलालेख आहे. 270 हात लांबीची बाग आणि देवाला रोज 50 माळा अशी नोंद आहे त्यात. दोन्ही आकड्यांतलं शून्य आजच्यासारखंच गोल. आपल्याकडच्या मुलांना दाखवत का नाहीत कळत नाही.

पाटणकर_बाजारवाली
लहानपणी दादानेच दाखवलंय. पैशांचं कुणी सांगेल का?

दौलतगंज_सीए
पैसे शेवटी कुणाला जाणार हे कुठेच लिहिलेलं नाही, ताई.

पाटणकर_बाजारवाली
दादाला ब्लड कॅन्सर होता. प्लेटलेटसाठी रात्रीबेरात्री डोनर शोधत फिरलो आम्ही. रक्तपेढीत तो ट्रे सारखा डावी-उजवीकडे हलत असतो, त्यावर पिवळट पिशव्या ठेवलेल्या, आणि दादाला चालेल अशी एकही नाही. तेव्हा एका ट्रस्टने धावपळ केली. भिंड, मुरैना, शिवपुरीहून येणाऱ्या पेशंटना मशीनवर प्लेटलेट काढायच्या किटचे पैसे ते देतात. त्यांना द्यायचेत.

दौलतगंज_सीए
मग क्यूआर त्यांचाच. तुझा अजिबात नको. नातेवाईक सोडून बाकीच्यांकडून आर्थिक वर्षात 50,000 च्या वर जमले, तर सगळी रक्कम तुझं उत्पन्न धरली जाते, नुसती वरची नव्हे. तू ती पुढे दिलीस हा खुलासा नंतर करत बसावा लागतो. पावतीही ट्रस्टच्या नावाने निघू दे. 80जीची, म्हणजे देणगीवरची कर-वजावट हवी असलेल्यांना सांग, रोख 2,000 च्या वर चालत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती मिळतच नाही, तेव्हा 'टॅक्स वाचेल' असं पोस्टरवर लिहू नकोस.

पाटणकर_बाजारवाली
आणि न्यू जर्सीचा मावसभाऊ? डॉलर पाठवतो म्हणतोय.

दौलतगंज_सीए
पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर इथल्या खात्यातून खुशाल द्यावेत. अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर तो परदेशी निधी. ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे परदेशी निधी घेण्याची नोंदणी हवी, आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. नोंदणी नसेल तर त्याला सांग, सुट्टीत ये आणि सोबत चढ.

ओ_निगेटिव्ह
पैसे गोळा करण्यापेक्षा माणसं गोळा करा. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, पैशाने साठवता येत नाहीत. मशीनवर प्लेटलेट देणारा 48 तासांनंतर पुन्हा देऊ शकतो, वर्षात 24 वेळा. पूर्ण रक्त दिलं तर पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिने थांबावं लागतं. प्रत्येक फेरीला एक डोनर, असं ठेवा.

दौलतगंज_सीए
डोनर मिळाला तरी किट फुकट येत नाही. ती पैशाचं विचारतेय.

ओ_निगेटिव्ह
किट असून डोनर नाही, हे मी माझ्या आईच्या वेळी बघितलंय.

घामाची_धार
दोन्ही करा, भांडू नका. ताई, 22 कुठल्या महिन्याची?

पाटणकर_बाजारवाली
मे. दादाचा वाढदिवस.

घामाची_धार
मे?? 45 डिग्रीत, तापलेल्या दगडावर, 99 वेळा? ॲम्ब्युलन्स आधीच बोलावून ठेव.

जिवाजीगंजचे_काका
बेटा, नऊनंतर त्या वाटेवर चिटपाखरू नसतं मे महिन्यात. आणि पुरातत्त्वाच्या वास्तू सूर्योदय ते सूर्यास्त. रात्री कोण सोडणार? बॅनर लावून कार्यक्रम करायचा तर लेखी परवानगी लागते, ती दिल्लीहून येते.

पाटणकर_बाजारवाली
परवानगीचं माहीतच नव्हतं. बॅनर नको मग. पण तारीख बदलणार नाही.

घामाची_धार
बदलू नको. थंडी सरली की सुरू कर, रोज सकाळी चार फेऱ्या. पंचविसाव्या सकाळी दोनच कर म्हणजे 98 होतात. तिथे थांब आणि शेवटची 22 मेला उजाडता उजाडता, सगळ्यांना घेऊन. उतरताना काठी घे, गुडघे चढण्यापेक्षा उतरण्यात जातात.

समोच्च_रेषा
मग त्याला एव्हरेस्टिंग म्हणता येणार नाही. त्यात एका दमात करावं लागतं, मधे झोप चालत नाही.

पाटणकर_बाजारवाली
नको म्हणू दे. 'एव्हरेस्टएवढी उंची' असं लिहीन. शेवटची फेरी 22 ला हे पटलं. आईपण तेवढी एक चढेल म्हणतेय.

तीळगूळ
गजक ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुठली चांगली? मुरैनाचीच घ्यावी का? पुढच्या आठवड्यात येतोय.

पाटणकर_बाजारवाली
वेगळा धागा काढा! ट्रस्टशी बोलले, क्यूआर देताहेत. ओ निगेटिव्ह, डोनर यादीसाठी त्यांचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करते, तुम्हीच सांभाळा ते. रविवारी चढ मोजायला जातेय. कुणाकडे ते बॅरोमीटरवालं घड्याळ आहे का, एक दिवसासाठी?

दौलतगंज_सीए
माझ्याकडे आहे, मुलाने पाठवलेलं, पट्टाही काढला नाहीये. शनिवारी संध्याकाळी सातनंतर घरी येऊन ने. चार्जर सापडत नाहीये, तो बघ कुणाकडे मिळतो का.