मुंबईत नव्याने ॲप टॅक्सी: पहिलं वर्ष रोजाच्या गाडीवर काढावं की थेट हप्त्याची गाडी घ्यावी?

जमाखर्च (धागाकर्ता)

नोकरी सोडून किंवा गावाकडून टॅक्सी चालवायला मुंबईत येणारे बरेच जण आधी शोरूम गाठतात. हातातले दीड लाख भरायचे, सात लाखांचं कर्ज काढायचं, पिवळी पाटी लावायची आणि पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. माझं ठाम मत आहे की पहिलं वर्ष दुसऱ्याची गाडी रोजावर, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या भाड्याने, चालवावी. आकडे मांडतो, पटत नसेल तर आकड्यांवरच बोला.

सीएनजी गाडी, दिवसाला २०० किमी, महिन्याला २६ दिवस. या २०० पैकी पॅसेंजर बसलेले १३० धरा. बाकीचे ७० खालीच, म्हणजे रिकामेच जातात: पिकअपपर्यंत, ड्रॉपवरून परत, गॅसच्या लायनीसाठी वळसा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ॲप टॅक्सीला किलोमीटरला ₹२२.७२ मूळ दर ठरवला. मंदीत २५ टक्क्यांपर्यंत सूट, म्हणजे ₹१७.०४, आणि गर्दीत दीडपट, म्हणजे ₹३४.०८. भाड्यातले किमान ८० टक्के चालकाचे. नवा माणूस सर्जच्या (गर्दीतल्या वाढीव दराच्या) वेळा आणि जागा ओळखत नाही, म्हणून मी सरासरी ₹२० धरतो. १३० किमीचे २६०० झाले, त्यातले २०८० हातात.

गॅस: कंपनी वॅगन आरला किलोत ३४ किमी सांगते. एसी लावून, अंधेरी-कुर्ला रोडच्या रांगेत, २२ मिळाले तरी चांगलं. २०० किमीला ९.१ किलो, ₹८० भाव धरून ₹७३०. उरले ₹१३५०.

रोजाची गाडी ₹९०० ने मिळाली तर हातात ₹४५०. आता स्वतःची गाडी: सात लाख, ११ टक्के, ५ वर्षं, हप्ता ₹१५,२२०. २६ दिवसांवर वाटला तर दिवसाला ₹५८५. विमा: १००० सीसीपर्यंतच्या टॅक्सीला थर्ड पार्टीचेच ६०४० अधिक माणशी ११६२, चार पॅसेंजर धरून १०,६८८, वर १८ टक्के जीएसटी. नुकसानीचं कव्हर धरून वर्षाला ३६ हजार, म्हणजे दिवसाला ₹११५. दुरुस्ती, टायर, सर्व्हिस किलोमीटरला दीड रुपया, ₹३००. एकूण ₹१०००, हातात ₹३५०.

फरक शंभर रुपयांचाच दिसतो, पण आजारपणात, गावी गेल्यावर, आयडी (ॲपवरचं चालकाचं खातं) बंद पडल्यावर रोजाचं भाडं भरावं लागत नाही. हप्ता ३० तारखेला ३० दिवसांचाच जातो.

---

पिवळी_पाटी

पूर्ण असहमत. तुम्ही हप्त्याला खर्च म्हणता, तिथेच घोळ आहे. तुमच्याच कर्जात पहिल्या वर्षी १,८२,६४० भरले जातात, त्यातलं व्याज ७१ हजार आणि मुद्दल १ लाख ११ हजार. म्हणजे दिवसाच्या ५८५ पैकी साधारण ३५५ रुपये तुमच्याच खिशात राहतात, फक्त गाडीच्या रूपात. रोजाचे ₹९०० वर्षाला २ लाख ८० हजार होतात आणि ते मालकाचे. त्याच्या गाडीचा हप्ता तुम्ही भरता आणि गाडी त्याची होते.

आणि रोजाचे करार कसे असतात ते लिहायला हवं होतं. आयडी मालकाच्या नावावर असला तर ऑनलाइन भाड्याचे पैसे त्याच्या खात्यात जातात, चालकाच्या हातात फक्त कॅश ट्रिपचे येतात, आणि हिशोब आठवड्याने. डिपॉझिट पाच-दहा हजार, ते परत घेताना बंपरवरचा प्रत्येक ओरखडा मोजला जातो. ई-चलान दोन महिन्यांनी दिसतं, तेव्हा ते कोणाच्या पाळीतलं यावर भांडण. विम्याच्या दाव्यात जी रक्कम कंपनी देत नाही ती चालकाकडून कापतात. हे सगळं ₹९०० च्या वर आहे.

---

जमाखर्च

मुद्दल फिटते हे खरं, पण गाडीची किंमत उभी राहते का? २०० गुणिले ३१२, वर्षाला ६२ हजार किमी. पाच वर्षांत ३ लाख १२ हजार. तीन लाख फिरलेल्या पिवळ्या पाटीच्या गाडीला बाजारात काय मिळतं ते कोणत्याही एजंटला विचारा. पहिल्याच वर्षी गाडी लाखभराने उतरते, आणि तुमचे १ लाख ११ हजार जवळपास तिथेच जातात.

कराराचं म्हणणं मात्र बरोबर, म्हणून रोजाची गाडी घेताना काय बघावं ते लिहितो. चावी घेण्याआधी त्या नंबरवरची थकलेली ई-चलानं महाट्रॅफिकच्या साइटवर काढून स्क्रीनशॉट मालकाला पाठवायचा. विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी यांच्या तारखा स्वतः वाचायच्या. फिटनेस नव्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. नोझलजवळच्या पट्टीवर तारीख असते, ती उलटली तर पंपवाला गॅस नाकारतो आणि अर्धा दिवस जातो. गाडीचे चारी बाजूंनी आणि आतून फोटो, ओडोमीटरसकट. पैसे कोणाच्या खात्यात आणि कोणत्या वारी, हे व्हॉट्सॲपवर लेखी.

---

रात्रपाळी

दोघंही रोज आणि हप्त्यावरच अडकलात. खरा पैसा त्या ७० खाली किलोमीटरमध्ये आहे. ७० चे ५० करा, बाकी काही बदलू नका. १५० किमी भाड्याचे, ३००० मधले २४०० हातात, गॅस तेवढाच. दिवसाला ₹३२० वाढले. रोज की हप्ता या वादातल्या शंभर रुपयांच्या तिप्पट.

आता कसं. सकाळी ७ ते १०:३० घोडबंदर, कांदिवली, मीरा रोड, खारघर इथून बीकेसी, पवई, सीप्झ, लोअर परळ. संध्याकाळी ५:३० पासून उलट. म्हणजे सकाळची पहिली ट्रिप लागायला गाडी रात्री उपनगरातच उभी हवी. जो कुर्ल्यात राहतो आणि सकाळी ठाण्याकडे खाली पळतो तो २० किमी तिथेच घालवतो. १२ ते ४ मंदी, त्यात गॅस, जेवण, झोप. गॅसची लाईन सकाळी ९ ला किंवा संध्याकाळी ७ ला धरली तर वेळ जातो आणि प्रेशरही पडलेलं असतं. २०० बारऐवजी कमी दाबाने आठ किलोच्या जागी सहाच बसतो, की रात्री पुन्हा लाईन.

विरार, बदलापूर, उरणची ट्रिप मोठी दिसते म्हणून नवा माणूस उडी मारतो. तिथून परतीचं भाडं दुपारी मिळत नाही. ₹९०० ची ट्रिप घेऊन ४५ किमी खाली आलात तर ती ₹४५० ची झाली असं समजा. ॲपमधला घरच्या दिशेचा फिल्टर (फक्त त्या दिशेच्या ट्रिप देणारा) दिवसातून मोजक्याच वेळा चालतो, तो सकाळी उडवू नका, अशा ड्रॉपसाठी ठेवा.

विमानतळाच्या रांगेबद्दल: टी-२ ला नंबर लागेपर्यंत गाडी पार्किंगमध्ये उभी. रात्री ११ नंतर आंतरराष्ट्रीय उड्डाणं उतरतात तेव्हा रांग हलते, दुपारी नाही. दुपारी दोन तास थांबून मरोळची ८० रुपयांची ट्रिप मिळाली तर ती नाकारणं महागात पडतं आणि घेणंही.

---

पिवळी_पाटी

रात्रपाळी, अगदी मान्य. पण तुम्ही सांगताय ते रोजाच्या गाडीवर करता येतं का? बारा तासांच्या रोजावर मालक सकाळी आठला चावी देतो आणि रात्री आठला परत मागतो. सकाळचा पहिला तास गेला, रात्रीची विमानतळाची वेळ गेली. गाडी मालकाच्या दारात कुर्ल्याला, तुम्ही डोंबिवलीला. स्वतःची गाडी असेल तर चार तास दुपारी घरी जाऊन रात्री परत निघता येतं. वेळ निवडण्याची मोकळीक हाच स्वतःच्या गाडीचा फायदा, आणि तो जमाखर्च यांच्या कोष्टकात कुठेच नाही.

शिवाय आपली गाडी दुसऱ्या पाळीत बदली ड्रायव्हरला ₹५०० ने दिली तर हप्त्याचा मोठा भाग तिथेच निघतो.

---

खारघर_७

बदली ड्रायव्हरचं इतकं सोपं नाही, नव्या माणसाने ते ऐकून गाडी घेऊ नये. त्याचा आयडी वेगळा आणि त्या गाडीला जोडलेला हवा. आपल्या लॉगिनवर दुसऱ्याला चालवू दिलं तर ॲप मधेच सेल्फी मागतं, चेहरा जुळला नाही की आयडी ब्लॉक, आणि तुमचाच धंदा बंद. दोन पाळ्यांत गाडी वर्षाला लाख किमीच्या वर जाते. दर १० हजारांवर ऑइल धरलं तर जवळपास महिन्याला सर्व्हिस, ब्रेक पॅड तीन-चार महिन्यांत, क्लच वर्षाच्या आत. घाट आणि ट्रॅफिकमध्ये अर्ध्या क्लचवर पाय ठेवणारा बदली असेल तर त्याआधीच. सीएनजीवर स्पार्क प्लग आणि एअर फिल्टरकडे दुर्लक्ष झालं की गाडी झटके देते, किलोमागे दोन-तीन किमी कमी पडतात, आणि बदली ड्रायव्हर ते कधी सांगत नाही कारण गॅस त्याच्या खिशातला असला तरी दुरुस्ती तुमच्या खिशातली.

कागदांचंही लिहा कोणीतरी. नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर साडेसात टनाखालची व्यावसायिक गाडी चालवता येते, म्हणून बॅजची गरज संपली असं पसरलंय. बॅज ही प्रवासी गाडी चालवायची वेगळी परवानगी आहे. त्यासाठी पोलीस पडताळणी लागते, आणि त्यातच आठवडे जातात. आधी बॅज हातात, मग गाडी बुक. उलटं केलं की गाडी दारात उभी, हप्ता चालू आणि ॲपवर आयडी नाही. पांढऱ्या पाटीवर मित्राची गाडी चालवून 'तोवर शिकून घेतो' हा विचारही सोडा. परमिटशिवाय पकडलं तर १० हजार दंड, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

---

पुणे_कॅब

पुण्याकडून एक मुद्दा. इथे परिवहन प्राधिकरणाने एसी कॅबला पहिल्या दीड किमीला ₹३७ आणि पुढे किमीला ₹२५ ठरवले, ॲप मात्र कमीच दाखवत राहिलं. म्हणून बरेच चालक ॲपवर ट्रिप घेऊन ओन्लीमीटर या ठरलेल्या दराने हिशोब करणाऱ्या वेबसाइटवर भाडं काढतात आणि तेवढं मागतात. जुलै २०२५ मध्ये मुंबईतही आझाद मैदानावर आंदोलन झालं, काळी-पिवळीइतका दर मागितला. मागणी शंभर टक्के रास्त आहे. ठरलेला दर मागणं हा चालकाचा हक्क आहे आणि नव्या माणसानेही पहिल्या दिवसापासून तेच करावं. कमी दरात चालवणारे नवे लोकच दर पाडतात.

---

जमाखर्च

दर रास्त आहे यात वाद नाही. पण पद्धत नव्या माणसाच्या गळ्यात येते. पॅसेंजरने ॲपवर ₹२१० पाहून गाडी बोलावली आणि उतरताना ₹३२० मागितले तर तो तक्रार करतो. जुन्या चालकाचं रेटिंग हजारो ट्रिपांवर उभं असतं, त्याला दोन तक्रारींनी काही होत नाही. नव्याच्या पहिल्या पन्नास ट्रिपांतल्या दोन तक्रारी आयडी थांबवायला पुरेशा ठरतात. मागायचंच असेल तर बसण्याआधी, फोनवर, स्पष्ट सांगा आणि नको म्हणाला तर त्याला दुसरी गाडी घेऊ द्या. आणि ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे तो आयडी बंद पडण्याची जोखीम घेऊच शकत नाही. दरासाठी ताठ उभं राहायलाही बिनकर्जाचा माणूस लागतो.

नोव्हेंबर २०२५ आठवा. गेल कंपनीची गॅसवाहिनी आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात निकामी झाली आणि मुंबईतले बरेच सीएनजी पंप बंद पडले. पेट्रोलवर चालवलं तर शहरात लिटरला पंधरा-सोळा किमी, भाडं तेच. ज्यांची गाडी रोजावर होती त्यांनी मालकाशी वाद घातला, काहींनी चावी परत केली. हप्त्यावाल्यांना कोणाशी वाद घालायचा?

---

पिवळी_पाटी

थोड्या दिवसांच्या अडचणीवरून पाच वर्षांचा निर्णय ठरत नाही. हप्त्याची गाडी घेणाऱ्याने तीन हप्ते, म्हणजे ४५ हजार, वेगळ्या खात्यात ठेवूनच गाडी घ्यावी, एवढं मी मान्य करतो. ज्याच्याकडे डाउन पेमेंटनंतर ते उरत नाहीत त्याने थांबावं. पण ज्याच्याकडे आहेत त्याला वर्षभर ₹९०० रोज भरायला सांगणं पटत नाही.

आणि नवी गाडीच कशाला? तीन वर्षांची, लाखभर किमी फिरलेली टुर एस (डिझायरची टॅक्सी आवृत्ती) किंवा वॅगन आर घ्या. कर्ज निम्मं, उतार आधीच्या मालकाने सोसलेला. फक्त आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवल्याची एनओसी आणि परमिट हस्तांतर आधी बघा.

---

रात्रपाळी

हे मात्र मलाही पटतंय. साडेतीन लाख, चार वर्षं, जुन्या गाडीला व्याज जास्त म्हणून १४ टक्के धरलं तरी हप्ता साडेनऊ हजारांच्या आसपास. दिवसाला ₹३६८. दुरुस्ती दीडऐवजी सव्वादोन रुपये धरा, ₹४५०. विमा थोडा कमी, ₹१०० धरू. एकूण ₹९१८. रोजाच्या ₹९०० च्या जवळच.

घेताना टाकीची तारीख, चारी टायरची झीज आणि वॉरंटीतला सर्व्हिस रेकॉर्ड बघायचा. थंड इंजिन सीएनजीवर नाही, पेट्रोलवर सुरू करून ऐकायचं. सीएनजीवर वर्षानुवर्षं पळालेल्या गाडीचं पेट्रोल बहुतेकदा टाकीत पडूनच असतं, आणि इंजेक्टर चोक झालेत का ते तिथेच कळतं.

---

जमाखर्च

जुन्या गाडीचं कोष्टक मान्य, तीन हप्ते बाजूला ठेवण्याची अटही. माझी अट तरीही राहते: बॅज आला की आधी तीन महिने रोजावर, आणि त्या तीन महिन्यांत रोज रात्री ओडोमीटर आणि ॲपमधले भाड्याचे किमी वहीत लिहायचे. खाली किलोमीटर ५० च्या आत आले तरच जुनी गाडी बघायला निघा. ६५-७० वरच राहत असतील तर गाडी कोणाची आहे याने काही फरक पडत नाही.